डीनसाहेबांची दुसरी बायको

माझ्या मुलीने मनगट मोडून घेतलं आणि शिक्षा मला झाली.

ती इंग्लंडमध्ये इतिहासाचं एम.ए. करते. तिथे सायकलवरून पडली. शारजात जन्मलेली, शारजात वाढलेली पोरगी, लिफ्ट बंद असेल तर खालीच बसून राहणारी, तिला परक्या मुलखात जाऊन सायकल चालवायची हौस! उजव्या हाताला प्लास्टर घालून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली आणि एअरपोर्टवर गळ्यात पडायच्या आधीच म्हणाली, "अम्मी, आय नीड युअर हँड्स."

मला वाटलं, आंघोळ घालायची, वेणी घालायची, घास भरवायचे. ते सगळं होतंच. पण तिला माझे हात हवे होते टायपिंगला.

मी अल नहदाला एका टायपिंग सेंटरमध्ये काम करते. इथे कुठल्याही सरकारी दारात जायच्या आधी माणूस आमच्या काउंटरवर येतो. व्हिसाचा अर्ज, भाड्याचा करार, बायकोला बोलावून घ्यायचे कागद, मालकाविरुद्धची तक्रार. लोक हिंदीत बोलतात, मल्याळममध्ये बोलतात, रडतात, टेबलावर हात आपटतात. आम्ही ते सगळं ऐकून घेतो आणि साहेबाला वाचता येतील अशा चार ओळींत बसवतो. रडणं कापायचं, शिव्या कापायच्या, एकच गोष्ट पुन्हा आली की कापायची. फक्त तारखेला हात लावायचा नाही. कागदावर जी तारीख असेल ती तारीख, तिच्यावर डोकं चालवायचं नाही. नवीन पोरी कामाला लागल्या की पहिल्या दिवशी मीच त्यांना हे बजावते.

तर या बाईसाहेबांचा प्रबंध होता कुणा डीनच्या पत्रांवर. मला डीन म्हटलं की मेडिकल कॉलेजचा डीन आठवतो. हा तो नव्हे. इंग्लंडमध्ये कॅथीड्रल म्हणून मोठी चर्चं असतात, जिथे बिशप बसतो, त्या चर्चचा सगळा कारभार बघणारा पाद्री तो डीन. "म्हणजे जामा मशिदीचा मुतवल्ली," मी म्हटलं. "छप्पर गळलं की लोक ज्याच्या नावाने बोंब मारतात तो."

"सॉर्ट ऑफ," ती म्हणाली, आणि डोळे फिरवले.

हा आमचा मुतवल्ली चारशे वर्षांपूर्वी वारला. त्याची पत्रं मात्र कुणीतरी जपून ठेवली होती आणि आता त्यांचे फोटो माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर होते. ती सगळी जशीच्या तशी टाइप करून ऑगस्टअखेर प्रोफेसरकडे पाठवायची होती. संध्याकाळी मी कामावरून आले की चहा व्हायचा, मग ती सोफ्यावर आडवी व्हायची आणि फोटो ज्या ओळीने आले होते त्याच ओळीने त्या मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरातून वाचून दाखवायची. मी जेवणाच्या टेबलावर माझ्या लॅपटॉपवर टाइप करायची. फाइली लावायचं कामही तिने माझ्यावरच ढकललं. तू त्यात एक्सपर्ट आहेस म्हणाली. तिच्या स्वतःच्या नोंदी वेगळ्या होत्या, त्यात ती मला नाक खुपसू देत नव्हती. मग मी प्रत्येक पत्र त्याच्यावरच्या तारखेने सेव्ह करायची आणि ओळीने लावायची, ऑफिसात लावते तशी.

पहिल्या आठवड्यातच माझं डोकं उठलं. काय माणूस होता तो! एका पत्रात छपरावर ठोकलेल्या शिशाच्या पत्र्यांबद्दल सुरू व्हायचा. शिसं पातळ झालंय, पाणी गळतंय, कारागीर ऐकत नाही. मग कुत्री चर्चमध्ये शिरतात. मग गाणारी पोरं नमाजाच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी, बाकांखालून धावतात. मग शेजारचा दुसरा पाद्री आपले धुतलेले कपडे कबरस्तानात वाळत घालतो. आणि एवढं सांगून झालं की पुन्हा शिसं.

"अगं, हे त्याने वर सांगितलंय," मी म्हणायची.

"टाइप इट अगेन."

"कशाला? एकदा कळलं ना छप्पर गळतंय!"

"अम्मी, प्लीज. डोन्ट फिक्स हिम."

वीस वर्षं मी लोकांना ठीकठाक करूनच पोट भरतेय आणि ही मला सांगते ठीक करू नको. मी दात-ओठ खात टाइप करायची. बोटं आपोआप गाळायला जायची आणि सोफ्यावरून ओरडा यायचा.

याच आठवड्यात गावाहून, रत्नागिरीकडून, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. आधी हवापाणी, मग पोरांची शाळा, मग घसा खाकरणं. मी म्हटलं, "बोल की रे, काय लपवतोयस?"

"आपा, अब्बांना निकाह करायचाय."

मला आधी वाटलं कुणाचा तरी लावून द्यायचाय. तर स्वतःचा! आमची अम्मी जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. अब्बांचं वय सत्तरच्या पुढे. जन्मभर जहाजावर फिटर होते, वर्षातले दहा महिने समुद्रात, घर एकटीने अम्मीने ओढलं, आणि आता या वयात नवरदेव! पलीकडच्या गावातली कुणी विधवा मास्तरीण होती, उर्दू शाळेतून निवृत्त झालेली, मूलबाळ नाही. भावाला चालत होतं, भावजयीला चालत होतं, मुंब्र्याच्या बहिणीने तर मुबारकसुद्धा दिलं होतं. अडलं होतं ते माझ्यावर.

आमच्याकडे मागणी घालायला पुरुष जात नाहीत. घरातली मोठी बाई जाते, बरोबर दोन-चार बायका घेते, कपडा आणि मिठाई ठेवते, चहा पिते, इकडच्या तिकडच्या गोष्टी करते आणि उठता उठता विचारते. अम्मी राहिली नाही म्हणजे मोठी बाई मी. मी गेल्याशिवाय मागणी नाही, मागणीशिवाय निकाह नाही.

"म्हणजे माझ्या आईच्या जागी बाई आणायला मीच ताट घेऊन जायचं?" मी विचारलं. "वा! लाज कुठे ठेवलीत सगळ्यांनी?"

"आपा, तू हो म्हणाली नाहीस तर अब्बा काही करायचे नाहीत."

"मग करू नये त्यांनी," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी अब्बांचा फोन घेणं बंद केलं. कामात होते म्हणून निरोप टाकायचा, आणि तोही दोन शब्दांचा.

अब्बा मग व्हॉइस मेसेज पाठवायला लागले. तसे ते अम्मी गेल्यापासूनच पाठवत होते, आता वाढले. पंप बंद पडलाय. वायरमन येतो म्हणतो, येत नाही. शेजाऱ्याची बकरी कुंपण तोडून आत येते. सुनेने कालवणात आमसुलं घातली नाहीत. मशिदीचा भोंगा बिघडलाय, कुणाला पडलेली नाही. निकाहाबद्दल एक अक्षर नाही, नुसता पंप आणि बकरी. मी ते मेसेज दीडपट वेगाने लावून ऐकायची, भांडी विसळता विसळता. तेवढ्या वेगात अब्बांचा आवाज चिडलेल्या पोरासारखा यायचा आणि मला आणखीनच वैताग यायचा.

बाहेर गावचा म्हातारा, घरात विलायतचा म्हातारा. एक पंप, एक शिसं. मी दोघांच्या मध्ये.

अशात डीनसाहेबांची बायको मेली.

जानेवारीचं पत्र होतं, भावाला लिहिलेलं. दफन झालं एवढंच त्याने लिहिलं होतं, आणि थंडीने जमीन इतकी घट्ट झाली होती की खोदणाऱ्यांना विस्तव पेटवून ती मऊ करावी लागली. छपराबद्दल त्या पत्रात काही नव्हतं. मुलगी वाचताना हळू झाली आणि मी पहिल्यांदाच एक शब्दही न गाळता टाइप केलं. बिचारा, मी मनात म्हटलं. आपल्यात म्हणतो ते म्हटलं तिच्यासाठी, ख्रिस्ती असली म्हणून काय झालं.

आणि मग आलं त्याच वर्षाच्या जूनचं पत्र. माझी बायको तुला सलाम सांगते! तिने माझ्या झग्याची कॉलर नव्याने शिवली आणि मी आरशात बघतो म्हणून ती मला हसते!

माझी बोटं थांबली.

"तारीख परत वाच."

तिने वाचली. जून. वर्ष तेच.

या अल्ला! जानेवारीत एकीला मातीत घातलं आणि जूनमध्ये दुसरी कॉलर शिवतेय? आमच्यात बाईला इद्दत असते, चार महिने दहा दिवस घरात बसायचं. पुरुषाला काही नाही, तो चाळिसाव्याची बिर्याणी खाऊन मोकळा. पण हे इंग्रजातही तसंच? आणि तेही पाद्र्यात? तळपायाची आग मस्तकात गेली माझी. मी लॅपटॉप बंद केला, म्हटलं आज बस, आणि जाऊन कांदे चिरायला घेतले. मुलीला वाटलं मी दमले. ती बिचारी कोपराने उशी सरकवत झोपून गेली.

ऑक्टोबरच्या पत्रात ती नवी बायको कुठल्याशा फळाचा मुरांबा करून दिराला पाठवत होती. नाताळाच्या पत्रात नवरा-बायको दोघं मिळून शहराच्या मेयरच्या बायकोची टर उडवत होती, कारण तिला चर्चमध्ये सगळ्यात पुढच्या बाकावर बसायचं होतं. हसतोय, खिदळतोय माणूस! मी टाइप करायची आणि पुटपुटायची.

शुक्रवारी आमचे हे अबुधाबीहून आले. आठवडाभर ते तिथे कंपनीच्या खोलीवर असतात. मुलगी आधीच जेवून झोपली होती. जेवायला बसल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, डीनचं आणि अब्बांचं एकदमच, त्यामुळे त्यांना बराच वेळ कळेना मी कोणाबद्दल बोलतेय.

"अगं पण तो चारशे वर्षांपूर्वी मेला," हे म्हणाले. "त्याच्यावर कसला राग?"

"तुम्ही बोलूच नका. सगळे एका माळेचे मणी. उद्या मी डोळे मिटले तर तुम्हीही पाच महिन्यांत कॉलर शिवून घ्याल."

"मला कोण देतंय? आणि कॉलर धोबी शिवतो माझी." मग भाताचा घास थांबवून ते हळूच म्हणाले, "म्हाताऱ्याला एक फोन कर. विचारत होते मला, माझी बाय रागावली का म्हणून."

"मग मला का नाही विचारत? मला पंप सांगतात!"

यांनी मान खाली घालून भात कालवायला घेतला. माझ्या आवाजाला आमच्या मजल्यावरचे सगळेच घाबरतात.

पुढची पत्रं आणखी वैतागाची निघाली. ती भावाला नव्हती. डीनची एक लग्न झालेली मुलगी होती, लांब कुठेतरी दिलेली, तिला लिहिलेली. माझ्या क्रमाने ती इकडेतिकडे पसरली होती, काही त्या मुरांब्याच्या आधी, काही नंतरची. प्रत्येकाची सुरुवात अगदी सारखी. माझ्या मागच्या पत्राला तुझ्याकडून उत्तर आलं नाही, तरी पुन्हा लिहितो. एवढं म्हणायचं आणि लगेच शिसं, कुत्री, पोरं, धुणं. मला तो प्रकार ओळखीचा होता. ऑफिसात आम्ही याला रिमाइंडर म्हणतो. कंपन्या एकमेकींना पाठवतात, वर तीच ओळ, खाली तेच रडगाणं.

आणि अशा ठरीव ओळीचं आम्ही जे करतो तेच मी केलं. तिला शॉर्टकट देऊन टाकला. दोन अक्षरं दाबली की अख्खी ओळ उमटायची. मुलीने वाचायला तोंड उघडलं की मी म्हणायची, "झालं, आली ती ओळ, पुढे बोल." काम भराभर व्हायला लागलं. मी खूश.

असं करत करत ऑगस्ट निम्मा संपला. एका संध्याकाळी असंच एक पत्र आलं, पुढच्या सालाच्या फेब्रुवारीतलं, मुलीला लिहिलेलं. दोन अक्षरं दाबली, ओळ उमटली. मग डीन म्हणत होता की रात्रीचं जेवण तो आता खोलीतच मागवतो, कारण मोठ्या टेबलावर एकट्याने बसलं की नोकरांना उगाच दोनदा दिवे लावावे लागतात.

मी भडकले. "एकट्याने? आणि ती कॉलरवाली कुठे गेली? माहेरी?"

"हू?"

"दुसरी बायको!"

मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली. "अम्मी, व्हॉट सेकंड वाइफ?"

मी मग बसल्या जागी पंचनामाच केला. जानेवारीत पहिली गेली, जूनमध्ये दुसरी आली, ऑक्टोबरमध्ये मुरांबा केला, नाताळात टवाळ्या केल्या. सगळ्या फाइली माझ्याकडे तारखेने लावलेल्या आहेत, बघ हवं तर. आणि वर मुलीकडून सहानुभूती मागतोय, थेरडा!

ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. म्हणाली, अम्मी, त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होतच नव्हतं. त्या काळी इंग्लंडमध्ये नवं साल लागायचं पंचवीस मार्चला. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी हे वर्षाचे पहिले महिने नव्हेत, शेवटचे. डिसेंबरनंतर जानेवारी आला तरी आकडा जुनाच लिहायचे. जून आधी. मुरांबा आधी. नाताळ आधी. बायको त्याच्यानंतर गेली.

"दॅट वॉज द सेम वाइफ," ती म्हणाली. "ही ओन्ली हॅड वन."

मी कपाळावर हात मारला. मी, जी रोज हिजरी आणि इंग्रजी दोन्ही तारखा एका कागदावर टाइप करते! हिजरी साल मुहर्रमला लागतं, एक जानेवारीला नव्हे, म्हणून गिऱ्हाइकांना समजावत बसते! जगात सगळ्यांचं साल एका दिवशी लागत नाही हे मला कोणी शिकवायला हवं होतं? पण कागदावरच्या तारखेवर डोकं चालवायचं नाही ना. मोठी आली नियमाची!

"आणि तुला हे सांगायला काय झालं होतं?" मी तिच्यावरच घसरले.

"आय थॉट यू न्यू फायलिंग."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी सकाळीच बसून सगळ्या फाइली नीट लावल्या, जानेवारीपासून चोवीस मार्चपर्यंतची पत्रं उचलून वर्षाच्या शेवटी टाकली. आणि मग न टाइप करता, नुसतं वाचलं. आधीची पत्रं हसरी होती. छप्पर तेव्हाही गळत होतं, कुत्री तेव्हाही येत होती, पण दोघं मिळून त्याच्यावर हसत होती. प्रत्येक पत्राच्या शेवटी बायकोचा सलाम. मग ते थंडीतलं दफन. आणि त्याच्यापुढे भावाला जवळजवळ काहीच नाही. सगळं मुलीला. शिसं, कुत्री, पोरं, धुणं. पानामागून पान. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ती ओळ, जी त्याने दर वेळी हाताने लिहिली होती आणि मी दोन अक्षरांत उरकली होती.

"त्या मुलीने उत्तर दिलं का गं शेवटी?" मी विचारलं.

"वी डोन्ट हॅव एनी," ती म्हणाली. मग खांदे उडवून, "मे बी दे गॉट लॉस्ट. मे बी शी वॉज बिझी."

तिला काही सुचवायचं नव्हतं. तिला अब्बांचं प्रकरण धड माहीतही नव्हतं, आजोबांबद्दल मी तिच्यापुढे बोलत नव्हते. तरी ते लागलं मला. मी गॅसवरचं दूध बघायच्या निमित्ताने उठले, फोन घेतला आणि बाल्कनीचं दार मागे ओढून घेतलं. बाहेर नुसता भट्टीचा झोत होता, पण आत जायचं नव्हतं मला.

अब्बांचा शेवटचा मेसेज लावला. या खेपेला वेग कमी करून, साध्या चालीने.

"बाय, तुझा काही जवाब आला नाही. कामात असशील. बरं." मग पंपाचं. नवी मोटर घ्यावी लागणार. मग बकरी. मग आवाज थांबला. दीडपट वेगात हे थांबणं कधी कळलंच नव्हतं मला. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज, लांब कुठेतरी कोंबडा, आणि अब्बांचा श्वास. ते काहीतरी बोलायला गेले आणि नाही बोलले. "बरं, ठेवतो," एवढंच.

अम्मी होती तेव्हा अब्बा फोनवर येतच नसत. ती बोलायची, तिच्या तोंडाचा पट्टा चालायचा, आणि मागून अब्बांचा आवाज यायचा, माझाही सलाम सांग. पंप तेव्हाही बिघडतच असणार. पण मला तो कधी ऐकू आला नव्हता.

मी तिथूनच फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"बाय? सगळं ठीक ना? पोरीचा हात कसा आहे?"

"हात बरा आहे. अब्बा, मी त्या निकाहाबद्दल बोलायला..."

"ते खलास," अब्बा म्हणाले. गल्फच्या पाण्यात इतकी वर्षं काढली, तो अरबांचा शब्द काही सुटला नाही त्यांचा. "मी कळवलं त्यांना मागच्या जुम्म्याला. नाही जमत म्हणून. तू बोलत नाहीस म्हटल्यावर काय करायचंय मला? या वयात पोरीला दुखवून?" आणि लगेच, "ते जाऊ दे. पंपवाला आला होता. म्हणतो..."

"पंप गेला खड्ड्यात!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरच्या टॉवरमधल्या एका बाल्कनीतला माणूस वळून बघायला लागला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं नाही म्हणायला? मी म्हणाले होते नाही?"

"तू हो तरी कुठे म्हणालीस?"

"मग विचारायचं ना मला! मला विचारायचं! दीड महिना बकरीच्या गोष्टी सांगताय, एक शब्द विचारता येत नव्हता?"

पलीकडे पुन्हा तेच थांबणं. पंखा. मग अब्बा म्हणाले, "तुला कसं विचारू, बाय? अम्मीच्या पोरीला?"

मला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला. मी म्हटलं, "मी येतेय गावाला. मागणी घालायला. तुम्ही आता कोणाला काही कळवू नका, अल्लाच्या वास्ते. तुम्ही फक्त पंप बघा."

पत्रं वेळेवर गेली. शॉर्टकट मी काढून टाकला होता, शेवटच्या सगळ्या पत्रांत ती ओळ हाताने टाइप केली. मुलीला त्याचं कारण कळलं नाही, तिने विचारलंही नाही. डीनने पुन्हा लग्न केलं नाही. शेवटच्या पत्रात त्याने पुन्हा शिशाबद्दलच लिहिलं होतं आणि मी त्यातलं काही कापलं नाही.

रजा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी मी बर दुबईला मीना बाजारात कपडा घ्यायला गेले. दुकानदार सिंधी, चांगला ओळखीचा. "दीदी, किसके लिए?" मी काय सांगणार? माझ्या बापाच्या बायकोसाठी? म्हटलं, तुम दिखाओ, पंचायत मत करो. त्याने गठ्ठेच्या गठ्ठे सोडले. हे भडक, ते मळखाऊ, हे नव्या नवरीचं, ते म्हातारीचं. तासभर त्याचं डोकं खाऊन शेवटी एक पसंत पडलं. मऊ, बारीक बुट्टीचं, हात लावला तर काढवेना. "हे कापा," मी म्हटलं. तो माप घ्यायला लागला आणि मला आठवलं, अब्बांनी नकार कळवल्यानंतर त्या बाईंशी कोणी बोललंच नाहीये. भावाकडून नंबर घेऊन ठेवला होता. तिथेच काउंटरला टेकून लावला.

"खाला, मी बोलतेय. शारजाहून. थोरली."

"हां, बोल बेटी." स्वच्छ, वर्गात बोलल्यासारखा आवाज. मी घाईघाईने सांगून टाकलं की अब्बांनी जे कळवलं ते मनात धरू नका, परवा मी स्वतः येतेय.

बाई हसल्या. "तुझ्या अब्बांनी नकार द्यायला फोन केला आणि अर्धा तास पंपाचं सांगत होते. शेवटी मीच म्हटलं, अहो, तुम्ही नाही म्हणायला फोन केलाय का? तर म्हणाले, हां, तेच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू येशील तर कपडा आणशील. रिवाजच आहे, नको म्हणत नाही. पण एक विचारते, राग मानू नको. तुझ्या अम्मीचा आवडीचा रंग कुठला होता?"

"कच्च्या कैरीचा," मी म्हटलं. "हिरवा."

"मग तेवढा आणू नको, बाय. तो तिचाच राहू दे."

दुकानदाराने कापड काउंटरवर सरळ पसरलं होतं आणि हातात कात्री घेतली होती. कच्च्या कैरीचा हिरवा. सगळं दुकान धुंडाळून मी नेमका तोच उचलला होता आणि मला कळलंसुद्धा नव्हतं.

"रुको," मी म्हटलं. "ये नहीं. दूसरा दिखाओ."

"दीदी!" तो वैतागून म्हणाला. "एक घंटे से यही पसंद किया ना आपने?" मग माझ्याकडे बघून त्याने कात्री खाली ठेवली आणि पाण्याची बाटली पुढे सरकवली.

"एसी किती जोरात लावून ठेवलाय तुम्ही," मी त्याला म्हटलं. "डोळ्यांतून पाणी येतंय माणसाच्या." आणि मग आम्ही दोघांनी मिळून जांभळा काढला.